मास्तर-सिस्टरची जोडी

मास्तरांनी सिस्टरसमोरची कपबशी हाताने बाजूला सरकवली, तिथे आपला चष्मा काढून ठेवला आणि न विचारताच समोरच्या खुर्चीत बसले. सभागृहाच्या कॅन्टीनमधल्या दोन-तीन टेबलांवरचं बोलणं थांबलं. सरकारी बाकांवरचा माणूस उठून विरोधकांच्या टेबलावर येऊन बसला, हे तिथे काही रोज घडत नव्हतं. आणि हे दोघं तर कित्येक अधिवेशनं एकमेकांच्या नावाने खडे फोडत आलेले.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. तरुणपणी त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. ‘टेलर मास्तर’मधला टेलर कधीतरी गळून पडला आणि मास्तर तेवढा उरला. समोरच्या बाई निवडून येण्याआधी सरकारी इस्पितळात परिचारिका होत्या. त्याला जमाना झाला, तरी शिपायापासून सभापतींपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मास्तर आणि सिस्टर. नुसती नावं ऐकली तर एखाद्या नाटक कंपनीतलं जोडपं वाटावं. प्रत्यक्षात दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

भांडणाचं मूळ म्हणजे मास्तरांचं विधेयक. सरकारने वर्षाला जेवढं येईल तेवढंच खर्चावं, उसनं काढून राज्य चालवू नये, आणि हे कायद्यातच लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या कुठल्याही अर्थमंत्र्याचा हात आपोआप आखडेल, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांची उमेदीची वर्षं वडिलांची देणी फेडण्यात गेली होती. जे कापड आपण फाडलं नाही त्याचा हिशेब आपण का द्यायचा, हा प्रश्न त्यांनी विशीत स्वतःला विचारला आणि मग आयुष्यभर सरकारला विचारत राहिले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वाक्य ते इतक्या वेळा बोलले होते की ते उभे राहिले की वार्ताहर ते आधीच लिहून मोकळे होत.

सिस्टरना हे अंथरूण ऐकून ऐकून वीट आला होता. पाय गारठले तर शहाणा माणूस अंथरूण वाढवतो, पाय तोडत नाही, असं त्या म्हणत. साथीच्या वर्षी त्यांच्या इस्पितळात एकेका खाटेवर दोन-दोन रोगी होते. सरकारने कर्ज काढलं तेव्हा खाटा आल्या, औषधं आली, माणसं उठून घरी गेली. त्या वर्षी मास्तरांचं कलम असतं तर यातली किती घरी गेली असती, एवढंच त्या विचारत आणि खाली बसत. खरं सांगायचं तर ज्याचं ऐकावं त्याचं पटायचं. म्हणूनच हे विधेयक इतकी वर्षं ना पास होत होतं, ना मरत होतं.

या खेपेला मात्र ते खरोखर मताला येणार होतं, आणि गणित अगदी बरोबरीवर येऊन ठेपलं होतं. जेवढे बाजूने तेवढेच विरुद्ध. बरोबरी झाली तर विधेयक पडतं, असा नियम. एक मत इकडचं तिकडे झालं की निकाल फिरणार होता.

“मला जोडी पाहिजे,” मास्तर म्हणाले.

जोडी ही त्या सभागृहाची जुनी चाल. एका बाजूचा सदस्य आजारपणाने किंवा घरच्या अडचणीने येऊ शकत नसेल, तर दुसऱ्या बाजूच्या कुणीतरी त्याला शब्द द्यायचा की मग मीही मत देणार नाही. एक इकडचं कमी, एक तिकडचं कमी. तराजू जिथल्या तिथे. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. शब्द मोडला तर शिक्षाही नाही. फक्त त्या माणसाशी पुन्हा कुणी जोडी करत नसे.

सिस्टरनी कधी, असं विचारलं. मास्तरांनी मतदानाचा दिवस सांगितला, आणि सिस्टर आपल्या सरकवलेल्या कपाकडे बघत राहिल्या. जन्मभर लावून धरलेल्या विधेयकाला हा माणूस स्वतः हजर राहणार नाही?

हळूहळू कळलं ते असं. मास्तरांच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेची तारीख नेमकी त्याच दिवसाची मिळाली होती. पुढची तारीख लांबची होती आणि सर्जन लांबवायला तयार नव्हता. एकुलती मुलगी परदेशात. ती दुसऱ्या दिवशी पोचणार. मास्तर हे सगळं चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत सांगत होते. विधेयकावर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला ‘गाठ’ हा शब्द दोन प्रयत्नांत उच्चारता आला.

“आमच्यातल्या कुणाला सांगून उपयोग नाही,” ते म्हणाले. “ते म्हणतील, तासाभराचा तर प्रश्न आहे, या आणि जा. तुमच्या बाजूला मी शब्द घ्यावा असा दुसरा माणूस नाही.”

सिस्टरना हे ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. त्यांनी शब्द दिला. वहिनींना हे ठाऊक आहे का, असंही विचारलं. ठाऊक नव्हतं. मतदान पुढे ढकललंय अशी थाप मास्तरांनी घरी मारून ठेवली होती. खरं कळलं तर ती मला खोलीतून हाकलून देईल, असं ते म्हणाले, आणि चष्मा घालून आपल्या लोकांत निघून गेले.

मतदानाच्या सकाळी सिस्टरच्या पक्षाच्या प्रतोदाने त्यांना गाठलं. प्रतोद म्हणजे सदस्यांना मताच्या वेळी हाकून आणणारा माणूस. या प्रतोदाला तर झोपेतही डोकी मोजायची सवय होती. जोडीचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. दोघंही नसले तर बरोबरी, बरोबरी म्हणजे आपलंच जमलं, हे त्याला पटत होतं. पण म्हातारा आयत्या वेळी उगवला आणि सिस्टर नसल्या, तर एका मताने विधेयक पास. मग कुठल्या तोंडाने घरी जायचं? सिस्टर म्हणाल्या, तो उगवणार नाही. इतक्या ठामपणे म्हणाल्या की प्रतोद वरमला.

सभागृहाच्या आसपास थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या इस्पितळाकडे निघाल्या. निदान स्वतःला त्यांनी कारण तेच दिलं. खरं कारण हे की शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरचं बाकडं त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं, आणि त्या बाकड्यावर मास्तरांसारखा माणूस एकटा बसलाय हे चित्र सकाळपासून त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

खोलीत मास्तर नव्हते. खाटेवर एक बारीकशी बाई इस्पितळाचा हिरवा झगा घालून ताठ बसली होती. झग्याची एक नाडी कुणीतरी चुकीच्या काजात ओवली होती. बाईंनी सिस्टरना पाहिलं आणि त्यांचं तोंड खुललं.

“तुम्हीच ना त्या? टीव्हीवर ह्यांना बोलता त्या?”

सिस्टरनी कबूल केलं.

“बोलत जा. घरी माझं कुठे ऐकतात. तिथे तुम्ही झापलंत की मला आपलं बरं वाटतं.”

सिस्टर नाडी सोडून नीट बांधू लागल्या. हात आपोआप चालले. मास्तर कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं, आणि वहिनींनी मोठ्या अभिमानाने हकिगत सांगितली. पलीकडच्या खोलीत टीव्ही चालू होता. सकाळी बातम्यांत ऐकू आलं की आज मतदान, आणि मास्तरांची थाप उघडी पडली. वहिनींनी मग शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायलाच नकार दिला. तुम्ही आत्ताच्या आत्ता जाता की मी घरी चालू लागू? सर्जन समजवायला आला, भूलतज्ज्ञ आला. वहिनी ऐकेनात. इतकी वर्षं ते विधेयक माझ्या ताटात वाढलंय, आता त्याचं काय ते होऊन जाऊ दे, असं त्या म्हणाल्या. शेवटी मास्तर कोट घालून निघाले तेव्हा कुठे वहिनींनी सही केली.

“जाताना काहीतरी सांगायला बघत होते,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं, आल्यावर सांगा.”

जोडीबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, हे सिस्टरच्या ध्यानात आलं. पिशवीतला फोन तेव्हाच थरथरू लागला.

त्या बाहेर आल्या. प्रतोद होता. म्हातारा येऊन बसलाय, आपल्या जागेवर, पहिल्या रांगेत. चर्चा संपत आलीये. गाडी पाठवतोय, फाटकाशी येऊन उभ्या राहा.

सिस्टरना संताप आला. वहिनींनी धाडलं म्हणून गेले, हे समजत होतं. पण एक फोन करता येत नव्हता? मग आठवलं की मास्तरांकडे त्यांचा नंबरच नव्हता. इतक्या वर्षांत कधी गरज पडली नव्हती. संताप तरीही गेला नाही. गाठ खरी होती, बायको खरी होती, आणि तरी म्हाताऱ्याने डाव साधला असं मन म्हणत होतं. आता जाणं भाग होतं. जोडी त्याने मोडली होती, त्यांनी नाही. साथीच्या वर्षातल्या खाटा डोळ्यांसमोर आल्या. त्या पिशवी घ्यायला खोलीत शिरल्या.

आत ढकलगाडी घेऊन दोन मदतनीस आले होते. एक तरुण नर्स वहिनींना कवळी काढायला सांगत होती. वहिनी तोंड मिटून बसल्या होत्या. सिस्टरना पाहून त्यांनी दोघा पुरुषांना डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं, आणि ते गेलेही.

“ह्यांनी मला कधी असं बघितलेलं नाही,” त्या कुजबुजल्या. “रात्री दिवा घालवल्यावर काढते, सकाळी त्यांच्या आधी उठते. म्हणून म्हटलं, हे नाहीत तेच बरं.” मग त्यांनी तोंड दुसरीकडे वळवून कवळी काढली, नर्सने पुढे केलेल्या डबीत ठेवली, आणि डबी नर्सला न देता सिस्टरच्या हातात दिली. दातांवाचून चेहरा एकदम लहान झाला होता. “तुमच्याजवळ ठेवा. शुद्धीवर आले की लगेच द्या. ह्यांनी बघायच्या आधी.”

सिस्टर डबी हातात घेऊन उभ्या राहिल्या. नोकरीत त्यांनी अशा कितीतरी डब्या सांभाळल्या होत्या. कवळी, चष्मा, कानातलं यंत्र. माणूस भुलीतून उठतो तेव्हा आधी ते घेणाऱ्याचा चेहरा शोधतो, हे त्यांना माहीत होतं. तो चेहरा दिसला नाही तर केवढा घाबरतो, तेही. डबी नर्सकडे देऊन निघता आलं असतं. नर्स चांगली मुलगी दिसत होती.

“भीती वाटतेय का, वहिनी?”

“कापण्याची नाही,” त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. “तिथे एकटीने पडून वाट बघण्याची वाटते.”

सिस्टरनी फोन बंद करून पिशवीत टाकला. ढकलगाडीच्या दांड्याला हात लावून त्या शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत गेल्या, तिथेही भूलतज्ज्ञ येईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि वहिनींना त्यांच्या नवऱ्याबद्दल काय काय माहीत नाही ते सांगत राहिल्या. भाषण करताना ते टाचा उचलतात. समोरच्याच्या कोटाची शिलाई उसवलेली दिसली की मुद्दा विसरतात. वहिनी हसता हसता आत गेल्या. दार मिटलं.

मग त्या बाकड्यावर बसल्या. मांडीवर डबी होती. आपण काय केलं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ज्या कलमाला रोखायला राजकारणात आलो ते आत्ता, या क्षणी, पास होत असेल. पुढच्या साथीला कुणीतरी परिचारिका एका खाटेवर तिसरा रोगी कसा मावेल हे बघत उभी असेल, आणि तिला कुणी सांगणारही नाही की हे एका कवळीपायी झालं. त्यांना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही. बाकड्यावर रडणाऱ्या माणसाकडे इस्पितळात कुणी बघत नाही.

मास्तर आले तेव्हा सिस्टरचे डोळे पुसून झाले होते. मास्तरांच्या कोटाची बटणं उघडी, चाल थकलेली. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

“आत नेलं?”

सिस्टरनी मान हलवली. मास्तर बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. सिस्टर म्हणाल्या, अभिनंदन. शब्द जितका कडू यावा तितकाच आला.

“कशाचं? पडलं ते.”

“पडलं?”

“बरोबरी झाली.”

सिस्टरनी मनातल्या मनात डोकी मोजली. पुन्हा मोजली. मग मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्ही तर तिथे होतात.”

“होतो. तिने धाडलं म्हणून गेलो. न जावं तर ती सही करत नव्हती.” मास्तर हाताचे तळवे गुडघ्यांवर घासत होते. “म्हटलं, तुम्हाला सभागृहात गाठून सांगू. जोडी मोडली, तुम्ही तुमचं मत द्या, मी माझं देतो. म्हणजे पडलं असतं तरी एकदा हात वर केला असता मी. तर तुम्ही नाहीच. शेवटपर्यंत दाराकडे बघत होतो. पुकारा झाला, दारं लागली, तुमची खुर्ची रिकामी.”

“आणि तुम्ही हात वर केला नाहीत.”

“कसा करणार?” ते चिडूनच म्हणाले. “शब्द दिलेला.”

त्यांच्या पक्षाचे लोक काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सिस्टरनी विचारलंही नाही. पहिल्या रांगेत हात खाली ठेवून बसलेला म्हातारा सगळ्या देशाने पाहिला असणार. यापुढे त्यांना तिकीट मिळणार नव्हतं. ते विधेयक पुन्हा आणणारा दुसरा माणूसही त्या पक्षात नव्हता. सिस्टर जिंकल्या होत्या. पण मनाला जिंकल्यासारखं काही वाटेना, आणि शेजारच्या माणसाबद्दल एवढी माया दाटून आली की कुठे बघावं ते कळेना.

“पुन्हा आणा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या अधिवेशनात. मी असेन समोर. रीतसर पाडीन.”

“बघू,” मास्तर म्हणाले. मग त्यांचं लक्ष डबीकडे गेलं. “हे काय?”

“बायकांचं आहे. तुमचं काम नाही.”

सर्जन बाहेर आला तो तोंडावरची पट्टी खाली ओढतच. गाठ सबंध निघाली होती. तपासणीला पाठवली आहे, पण दिसायला तरी वाईट दिसत नाही, असं तो म्हणाला. मास्तरांनी त्याचा हात धरला आणि सोडायचं विसरले. सर्जन बिचारा तसाच उभा राहिला.

वहिनींना खोलीत आणलं तेव्हा सिस्टरनी मास्तरांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायला फर्मावलं. कारण विचारू नका, म्हणाल्या. मास्तर आज्ञाधारक पोरासारखे भिंतीकडे वळले आणि तिथलं हात धुण्याचं सूचनापत्रक वाचू लागले. वहिनींच्या पापण्या हलल्या, नजर इकडेतिकडे फिरली आणि सिस्टरवर येऊन थांबली. सिस्टरनी त्यांना पुरती जाग येऊ दिली, मग कवळी धुऊन दिली, पदराने हनुवटी टिपली.

“आता वळा,” त्या मास्तरांना म्हणाल्या.

मास्तर खाटेजवळ आले. बोलायचं पुष्कळ होतं, पण त्यांना नुसतं “दुखतंय का?” एवढंच सुचलं. वहिनींनी तो प्रश्न कानाआड केला.

“झालं का पास?”

मास्तरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर सलाईनची नळी नीट करू लागल्या. नळी नीटच होती.

“नाही,” मास्तर म्हणाले. “एका मताने हुकलं.”

“एका?” वहिनींची जीभ अजून जड होती, पण राग पुरता शुद्धीवर आला होता. “कोण तो मेला? आपल्यातलाच का?”

“आपल्यातलाच.”

“होता कुठे, मत द्यायच्या वेळी?”

“तिथेच होता. पण मन नव्हतं तिथे.” मास्तरांनी चादरीची कडा बोटांत धरली, कापडाचा पोत बघावा तशी. “म्हातारा आहे. बायको आजारी आहे त्याची, इस्पितळात.”

वहिनींनी डोळे मिटले. झोप लागली असं दोघांनाही वाटलं. बाहेरून कुणाची तरी ढकलगाडी कुरकुरत गेली.

“मग शिव्या नको द्यायला त्याला,” त्या म्हणाल्या.